कोट उडाले ते दिवस

मनोविकारांच्या दवाखान्यात, औषधांच्या रांगेत, म्हातारा शिंपी पुढच्या बाईंना सांगत होता.

"खरं वाटणार नाही बाई, पण पाच दिवस डोळ्याला डोळा लागला नाही आणि चाळीस कोट शिवून झाले."

"दमला नाहीत?"

"छे. कोट बाह्या पसरून बगळ्यांसारखे खिडकीबाहेर तरंगायचे, हाक मारली की परत यायचे."

"मग इथे कशाला?"

"पुढे महिनाभर अंथरुणातून उठवेना. डॉक्टरांना तेवढंच सांगितलं, त्यांनी उदासीच्या गोळ्या लिहिल्या."

"आणि कोटांचं?"

"चांगल्या दिवसांची कुणी तक्रार करतं होय?"

मागे चिठ्ठी घेऊन उभी असलेली त्याची वहिनी पुढे झाली.

"खोटं, भावजी. पाच नाही, नऊ दिवस. जन्मभर वाढवून सांगितलंत, नेमकं हेच कमी करताय? चला परत आत, ते दिवसही आजारातलेच, डॉक्टरांना सांगायलाच हवेत. अर्धं ऐकून लिहिलेली चिठ्ठी मी औषधांच्या खिडकीत देणार नाही."