वायरींचा धूर

दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासरे आणि त्यांची सून बसली होती. तिच्या मांडीवर तापानं मलूल झालेली लेक होती.

“डॉक्टर काय म्हणाले, सूनबाई?”

“छातीत एक ग्रंथी असते, बाबा. आजाराशी लढणाऱ्या पेशी तिथं घडतात. डायॉक्सिन नावाचं विष त्या पेशींतली जनुकं भलतीच चालू-बंद करतं. मग पेशी कच्च्याच राहतात.”

“हे विष येतं कुठून?”

“प्लास्टिक जाळल्याच्या धुरातून.”

“म्हणजे मी तांबं काढायला वायरी जाळतो, त्यातून?”

“तेच कारण असेल असं नाही. डॉक्टरांनाही खात्री नाही.”

“तू पोटुशी असतानाही जाळायचो गं मी.”

“असू दे, बाबा. हिला घ्या जरा. तुमच्याकडे शांत झोपते ती.”

“नको. सकाळीच जाळल्यात. सदऱ्याला धूर असेल.”