बेरिलच्या कॅनमधलं स्वच्छ डिझेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, ग्रेज हार्बर बंदर समितीचे प्रमुख आणि माझे शेजारी श्री. हेडली पार्डी, व्यासपीठावर विराजमान असलेले आदरणीय पाद्री सायमन लेक, ज्यांच्यामुळे हा निरोपाचा प्रसंग आपल्यावर ओढवला ते नियोजित वर श्री. लेव्हाय ग्रँडी, आजची उत्सवमूर्ती, माझी मैत्रीण बेरिल स्ट्रिकलंड, आणि जाळी, पिंजरे बाजूला ठेवून, चांगले कपडे घालून जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी ट्रायफेना डर्नफर्ड. माझी ओळख करून देण्यात अर्थ नाही, कारण या सभागृहातली निम्मी मंडळी माझ्या नात्यातली आहेत आणि उरलेल्यांशी माझं कधी ना कधी भांडण झालेलं आहे. स्वयंपाकघरातून खारवलेल्या मांसाचा आणि कोबीचा वास येऊ लागलाय, तेव्हा मी फार लांबण लावणार नाही. "बेरिलबद्दल तू बोल," असं समितीनं सांगितलं, तेव्हा मी अध्यक्षांना विचारलं होतं, "सगळं सांगू?" ते म्हणाले, "माझं नाव येणार नसेल तर सांग." अध्यक्षमहाराज, क्षमा असावी. तुमचं नाव येणार आहे.

धक्क्यावरचा डिझेलचा पंप बेरिलनं इतकी वर्षं सांभाळला, हे आपण सारे जाणतो. पण तिच्या हातून नुसतं डिझेल घेऊन कुणी सुटलाय का? नळी टाकीत घालण्याआधी चौकशी सुरू. फिल्टर कधी बदललास? त्याच्या खालच्या वाटीत साठलेलं पाणी आज काढलंस का? हिवाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवतोस ना? टाकी अर्धी रिकामी राहिली की आतून तिला घाम फुटतो, ते पाणी तळाशी जातं, पाणी आणि डिझेल यांच्या मध्ये काळं बुळबुळीत शेवाळ धरतं. हे तिनं आपल्याला इतक्यांदा ऐकवलंय की आपली मुलं ते प्रार्थनेसारखं म्हणून दाखवतील. स्वतःच्या बोटीतलं डिझेल तर ती रोज सकाळी काचेच्या बरणीत काढून उजेडात धरायची. आपण हसायचो. मीही हसायचे.

माझी मूत्रपिंडं निकामी झाली होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मशीनच्या आधारावर दिवस चालले होते. अशात एका सकाळी हॅलिफॅक्सहून फोन आला. मूत्रपिंड मिळालंय, ताबडतोब निघा. समोरच्या किनाऱ्यावरच्या धावपट्टीवर विमान थांबेल, पण फार वेळ नाही. मी खिडकीतून बाहेर पाहिलं, तर धुक्यात समोरचं घर दिसत नव्हतं. पलीकडे आकाश मोकळं होतं, पण इथे हेलिकॉप्टर उतरणं शक्य नाही. फेरीबोट दुरुस्तीला गेलेली. उरली हेडलींची बोट. मोठी, केबिन असलेली, आतमध्ये झोपायला फळी.

हेडलींनी क्षणाचाही विलंब लावला नाही, हे मला या व्यासपीठावरून सांगितलंच पाहिजे. न्याहारी टाकून, बूट अर्धवट घालून माणूस धावत आला. मला उचलून बोटीत नेऊन निजवलं. तेवढ्यात धक्क्यावर बेरिल आली. एका हातात डिझेलचा कॅन, खांद्याला पिशवी.

"हेडली, टाकी शेवटची कधी साफ केलीस?"

"अगं, इंजिन चालू होतंय ना? मग झालं तर."

"मी येतेय."

"सहलीला चाललोय का आपण?"

ती बोटीत चढली. कॅन माझ्या फळीखाली सरकवला आणि माझ्या पायांवर घोंगडं टाकलं.

खाडीच्या तोंडाशी येईपर्यंत सगळं ठीक होतं. बाहेर मात्र लाटा मोठ्या होत्या. बोट वर जायची, धाडकन खाली यायची. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं निवांत बसलेला गाळ घुसळून निघाला. इंजिन एकदा खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. ती शांतता मला अजून आठवते. नुसता पाण्याचा आवाज, आणि डावीकडे कुठेतरी, धुक्याच्या पलीकडे, खडकांवर फुटणारी लाट.

हेडलींनी चावी फिरवली. पुन्हा फिरवली.

"बॅटरी संपवू नकोस," बेरिल म्हणाली. "तू बाजूला हो आणि मला पाना दे."

"मला वाटलं होतं, या वर्षी तरी निभेल..."

"नंतर रड. आधी पाना."

तिनं फिल्टर उघडला. आतून जे निघालं ते डिझेल नव्हतं, काळी खळ होती. पिशवीतून नवा फिल्टर काढून तिनं बसवला. मग टाकीकडून येणारी नळी सोडवली आणि ती आपल्या कॅनमध्ये सोडली. इंजिनातून जादा डिझेल परत आणणारी नळीही त्यातच घातली. टाकीचा आणि इंजिनाचा संबंधच तोडून टाकला म्हणा ना. पण बोट अशी डुलत होती की कॅन कुठे ठेवला तरी लवंडणार. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि तो उचलून माझ्या गुडघ्यांमध्ये ठेवला.

"ट्रायफी, धरशील?"

"आजारी माणसाला काम सांगतेस?"

"बोटीवर आहेस ना? मग धर."

मी धरला. दोन्ही हातांनी, पोटाशी कवटाळून. बंधुभगिनींनो, फोन आल्यापासून मी सामानासारखी इकडून तिकडे नेली जात होते. त्या क्षणी पहिल्यांदा मला वाटलं की मीही या बोटीची माणूस आहे, आणि माझी भीती गेली.

नळीत हवा शिरली की डिझेलचं इंजिन चालत नाही. ती हवा काढायला बेरिलनं फिल्टरवरचा बारका स्क्रू सैल केला आणि हेडलींना इंजिनाच्या छोट्या पंपाची दांडी हातानं मारायला लावली. स्क्रूपाशी फेस, नुसता फेस. लाटेचा आवाज जवळ येत होता. "मार," ती म्हणत होती, "थांबू नकोस." मग फेस कमी झाला, बुडबुडे थांबले आणि स्वच्छ डिझेलची धार आली. तिनं स्क्रू आवळला. "आता फिरव चावी." इंजिन घरघरलं, दम लागल्यासारखं करत राहिलं आणि सुरू झालं. हेडली खाली बसून चक्क हसायला लागले. आम्ही तिघंही हसत होतो.

विमान थांबलेलं होतं. हॅलिफॅक्सच्या नर्सनं माझा गाऊन बदलताना नाक मुरडून विचारलं, "हा वास कसला?" मी म्हटलं, "आमच्याकडे याला अत्तर म्हणतात."

पुढचं तुम्ही पाहिलंतच. मी परत आले, चालत आले. त्या उन्हाळ्यात हेडलींनी आपणहून टाकी उघडली. बेरिल वरून सूचना देत होती आणि आतून बादल्या भरभरून काळा चिखल निघत होता. सारं गाव बघायला लोटलं आणि बघून गुपचूप घरी जाऊन आपापल्या टाक्या उघडू लागलं. ती बातमी खाडीपलीकडच्या आर्म या गावातही पोचली, आणि एके दिवशी श्री. लेव्हाय ग्रँडी आपली टाकी साफ करून घ्यायला इकडे आले. टाकी त्याच दिवशी स्वच्छ झाली. तरी गृहस्थ दर रविवारी येतच राहिले. काय म्हणता, लेव्हाय? फिल्टर बघायला यायचात? दर रविवारी बदलायची वस्तू नाही हो ती.

परवा बेरिल स्वतःची बोट घेऊन त्यांच्या बंदराला जाईल. साठी उलटल्यावर ती नवा संसार मांडतेय, आणि आपण तिला हसत निरोप देणार आहोत, असं मी सकाळपासून स्वतःला बजावतेय.

आता आभार. स्वयंपाकघरातल्या भगिनींचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, स्वतःची फजिती हसतमुखानं ऐकून घेणाऱ्या अध्यक्षांचे. आणि एक आभार राहून गेलेत. बेरिल, मी जेव्हा जेव्हा हा विषय काढला, तेव्हा तू "चहा गार होतोय" म्हणून उठून गेलीस. आज तू व्यासपीठावर आहेस, एका बाजूला पाद्री आणि दुसऱ्या बाजूला होणारा नवरा, तुला उठता येणार नाही. म्हणून ऐकून घे. माझ्या नातीचा जन्म मी पाहिला. तिला पोहायला मी शिकवलं. ती बघ, तिसऱ्या रांगेत पाय हलवत बसलीय. हे सगळे दिवस मला तुझ्यामुळे मिळाले. बेरिल, तुझे आभार.

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर घरचीच बाई बोलतेय असं समजून पोटात घाला. माझे दोन शब्द संपले. आता जरा कुणीतरी मला रुमाल द्या.