नकटीवरच्या भैरोबाचे डोळे

मंडळी, आधी सांगा — देवाचं आपल्याकडे लक्ष आहे असं कळलं, की माणसाचं काम वाढतं की संपतं? नुसत्या माना हलवू नका, ऐका.

उन्हात उभी ती, नकटी डोंगरी ।
पदरात धरी, गावे तीन ॥

शेजारचे डोंगर किल्ले मिरवतात. आमच्या नकटीच्या माथ्यावर काय? भैरोबाचा तांदळा. नाक नाही, तोंड नाही. शेंदराचा गोटा आणि त्यावर मेणानं चिकटवलेले दोन चांदीचे डोळे. सटवाजी गुरव रोज पूजेला चढायचा आणि रोज कपाळाला हात लावायचा. काल देव आवळेदऱ्याकडे बघत होता, आज तांबडमाळाकडे, उद्या कोळटेंभ्याकडे!

"देवा, मान अवघडत नाही का रे तुझी?"

का हा खेळ? तर ज्या गावाकडे देव बघतो, त्याला वणवा शिवत नाही, हा तिन्ही गावांचा समज. मग गवत कोण कापतो? माघ सरला, कमरेएवढं गवत वाळून तसंच उभं. आणि सटवाजीचं घर, दोन गाईंचा गोठा — सगळं त्या गवताच्या मधोमध. पेटलं तर पहिलं तेच.

एके सकाळी देव तांबडमाळाकडे वळलेला, आणि तांबडमाळची अवडाक्का वरच सापडली.

"अक्का, बोटांना मेण कसलं?"

"दिवा लावला, बाबा."

"मेणाचा?"

"वणव्याची तुम्हाला कसली काळजी? तुम्ही देवाची माणसं."

"माझ्या गाईंना ते कुणी सांगितलेलं नाही."

सटवाजीनं दोन्ही डोळे उपटले, धोतराच्या सोग्यात बांधले. "आजपासून देवाला दिसत नाही. सांग तिन्ही गावांत."

"अगं बाई! मग बघायचं कुणी?"

"तुम्ही."

दुसऱ्या दिवशी गुरवाला शिव्या घालत तिन्ही गावं विळे घेऊन चढली. आठ दिवसांत गोठ्याच्या वरून डोंगराभोवती हातभर नव्हे, वीस पावलं रुंद पट्टा मोकळा केला. फाल्गुनात माथ्यापलीकडून वणवा आला, पट्ट्यापाशी फुसफुसला आणि बसला. गाई रवंथ करत होत्या.

तिन्ही गावं नारळ घेऊन आली. "गुरवबाबा, आता डोळे लावा."

"लावतो. कुठल्या गावाकडे?"

अवडाक्काच पुढं होऊन म्हणाली, "राहू द्या. पुढच्या साली गवत कापून झालं, की लावा."

आता आरतीला उठाल. पण मगाशी येताना देवळाबाहेरचा नळ धो धो वाहताना तुम्ही सगळ्यांनी पाहिला. मीही पाहिला, आणि वीणा सावरत आत आलो. देव बघतोय ना!

थांबा, टाळ खाली ठेवा. आधी नळ बंद करून येऊ, मग आरती.