घासलेलं पदक

आदरणीय अध्यक्षमहाराज, मंचावरची पाहुणेमंडळी, वाचनालयाच्या ग्रंथपालबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या लॉन्ड्रीतल्या बायांनो,

खुर्ची दिलीत, फुलं दिलीत, आणि माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललात की मी वळून पाहिलं, मागे दुसरी कोण येऊन बसली की काय.

माझी शाळा दुसरीपर्यंत. बंदराजवळच्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत मी एकतीस वर्षं कपडे धुतले. तिथला नियम असा, की खिशात सापडलेली वस्तू खोलीच्या नंबरासकट डब्यात ठेवायची. वर्षभरात धनी आला नाही, तर ती ज्या बाईला सापडली तिची. आज तुमच्या वाचनालयाच्या कपाटात ठेवलेली ही परदेशी नाणी अशी जमली. त्यात दातांच्या खुणा असलेलं एक आहे. ते कोणी चावलं आणि का, हे मला आजही ठाऊक नाही. ठाऊक असतं तर एवढं जपलं नसतं.

आता पदकाचं. जळत्या जहाजातून माणसं वाचवली म्हणून ते एका परदेशी गृहस्थाला मिळालं, असं अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं. छान सांगितलंत, मागच्या रांगेत शिंप्यानं नाकसुद्धा शिंकरलं. गोष्ट मूळची माझ्याकडूनच गेलेली. ती खोटी आहे.

बसा, बसा. सांगते.

पदक एका म्हाताऱ्याच्या कोटात सापडलं, काळंकुट्ट. काळं दिसलं की माझे हात शिवशिवतात. लिंबू आणि राख लावून आठवडाभर दुपारच्या सुट्टीत घासलं. जुनं पदक घासायचं नसतं, हे ग्रंथपालबाईंनी मला गेल्या महिन्यात सांगितलं. जरा उशीर केलात, बाई.

अकराव्या महिन्यात म्हातारा परत आला, सोबत त्याची लेक. पदक बघताच त्याचा चेहरा पडला. त्यांची भाषा मॅनेजरला येत होती, आणि तो माझ्याकडे असा बघायला लागला की नोकरी गेलीच, असं मी धरलं. नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला, पदरात तीन पोरं. पदकाचा काळेपणा म्हणजे जहाजाचा धूर, असं म्हाताऱ्यानं लेकीला लहानपणापासून सांगितलेलं. तो धूर मी घासून काढला, आणि खालून अक्षरं निघाली. लेकीनं पदक खिडकीशी नेलं, वाचलं, आणि चादरींच्या ढिगाऱ्यावर बसून हसत सुटली. कबुतरांची शर्यत, दुसरा क्रमांक.

"बाबा, कबुतरं तरी तुमचीच होती ना?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. "एक माझं. दोन शेजाऱ्याची."

नोकरी वाचली. गिऱ्हाईक हसत असताना कामवालीला कोण काढतं? जाताना म्हाताऱ्यानं पदक माझ्याच हातात ठेवलं आणि मॅनेजरकरवी एवढंच मागितलं, की कोणी विचारलं तर जहाजच सांगा. मी शब्द दिला. कपडे धुणारीनं लोकांचे डाग गावभर सांगायचे नसतात. पोरांना, नातवंडांना, तुम्हाला, सगळ्यांना जहाजच सांगत आले.

पण काचेच्या कपाटात कायमचं खोटं लिहायचं म्हटल्यावर मला झोप लागेना. हॉटेलच्या जुन्या वहीतून पत्ता काढला आणि नातीकडून त्या लेकीला पत्र घातलं. काल उत्तर आलं. म्हातारा केव्हाच गेला. पण जाईपर्यंत दर जेवणाला कबुतरांचीच गोष्ट सांगायचा, आणि दर वर्षी शर्यत लांबत जायची. शेवटी शेवटी कबुतरं समुद्र ओलांडायला लागली होती म्हणे. म्हणजे बघा, त्यानं स्वतःच सगळं सांगून टाकलं, आणि इथे मी खुळी एकटीच जहाज जाळत बसले.

तर कपाटात ती सोनेरी 'शौर्यपदक' अशी चिठ्ठी आहे, ती काढायची. नातीनं दुसरी लिहून दिलीय, शेजाऱ्याच्या दोन कबुतरांसकट. अध्यक्षमहाराज, कपाटाची किल्ली आपल्या खिशात आहे. खिशातलं मला दुरून ओळखू येतं. आधी किल्ली, मग चहा.

माझ्या डबाभर चिल्लरीला काचेचं घर दिलंत, आपण सगळे वेळ काढून आलात, मनापासून आभार. बोलण्यात कुठे डाग राहिला असेल तर माफ करा. पण घासू नका. जुनं आहे.