बोटीच्या पायाला आवतण

यंदा आमच्या बोटीचा परवाना आत्यामुळे जवळजवळ गेलाच होता, खरं सांगते.

मोहगावजवळच्या तलावावर बाबा लोकांना बोटीतून फिरवतात. बोटीच्या मागे, पाण्यात, इंजिनाचा पंखा लावलेला एक जाडजूड पाय असतो. दरवर्षी बाबा तो काढून त्यातलं तेल बदलतात, रबर तपासतात, ग्रीस भरतात. यंदा हे काम नेमकं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात चाललं होतं. बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळून झाल्यावर आत्या तीच वाटी घेऊन आली आणि त्या पायालाही चोळू लागली.

"ताई, काय करून राहिली तू? मशीन आहे ते!" बाबा म्हणाले.

"वर्षभर वजन कोन ओढते? तू?" असं म्हणून तिने बैलांना देतात तसं पायालाही आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सकाळी बाबांनी पाय बोटीला बसवला. तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. ते परराज्यातले, त्यांना पोळा ठाऊक नव्हता. बोट चालताना पाहिल्याशिवाय ते परवान्यावर सही करणार नव्हते. बाबांनी किल्ली काढली, तर आत्या आडवी आली.

"आवतन देल्यावर पोयाच्या दिवशी कोनी कामाले जुपते का? आज त्याची सुट्टी आहे."

"अम्मा, इंजन को छुट्टी दोगी तो बोट कौन चलाएगा?" साहेबांनी विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. मी त्यांच्यामागे सरकले.

आत्याने बोटीतलं वल्हं उचललं आणि साहेबांच्या हातात ठेवलं.

"तुमाले देल्लं होतं का कोनी आवतन?"