माहेरचं लुगडं

बालाघाटात राहते एक म्हातारी, ते मीच. माझी नात प्राची. अन् तिकडं राजेगावले माझा धाकटा भाऊ गणपत. आमच्या घरच्या एका लग्नातल्या मानापानावरून रुसला, तो माझ्या घरची पायरीच चढत नव्हता.

प्राची मुलाखतीसाठी इंग्रजी वाक्प्रचार घोकून राह्यली होती. ध्यानात राहावं म्हणून दर वाक्यात घरचंच माणूस घाले. 'ब्रेक डाऊन' म्हणजे बंद पडणं, तिथं बापाची गाडी. 'पास अवे' म्हणजे वारणं, तिथं मी! पोरीनं ते वाक्य मोबाइलात बोलून मैत्रिणीले धाडलं, अन् ते चुकून गेलं नातेवाइकांच्या ग्रुपवर.

मी अंगणात तांदूळ निवडत होती. गणपत फाटकापासूनच रडत आला, "बाई वं! माझ्याशी न बोलताच गेली वं!"

"कोण गेली रे?"

तो जागीच थिजला. "तू जित्ती हायस?"

"हौ. मले कोणं मारलं?"

"माझ्या सुनेनं मोबाइल ऐकून सांगितलं!"

त्याच्या हातातली पिशवी पडली, अन् आतून नवं लुगडं बाहेर आलं. बाई मेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात, ते!

"काहून रे, भाऊबीजेले आला नाही, अन् मयतीले घेऊन आला?"

तो माझ्या पायाशी बसून लेकरासारखा रडला. मी आत गेली, अन् तेच लुगडं नेसून त्याले जेवाले वाढलं.

आता गणपत दर सणाले येते. भाऊबीजेले दुसरं लुगडं घेऊन आला, म्हणे, "बाई, ते पहिलं परत दे. तुले त्यात पाहून मले भेव लागते."