चौपन्नावं होल

माळी : तिथे नाही, ताई. तो झेंडा आजचा आहे. तुम्ही शोधताय ती जागा ही नव्हे.

बाई : पण शेवटचं होल हेच ना, भाऊ? समोरच्या खोलीच्या खिडकीतून तीन दिवस मी हेच बघत होते.

माळी : हिरवळ हीच. पण होल रोज जागा बदलतं. पहाटे मी नवीन पाडतो, कालचं बुजवतो. एकाच जागी ठेवलं तर लोकांच्या पायांनी भोवतीचं गवत मरून जातं.

बाई : रोज?

माळी : रोज. गोल्फचे तीन कोर्स, प्रत्येकी अठरा, चौपन्न होल. आम्ही तिघं वाटून घेतो. हा झाडीतला कोर्स माझा.

बाई : म्हणजे अकरा दिवसांत...

माळी : अकरा वेळा हललं. निळ्या पडद्याची खोली होती ना तुमची? मी ओळखलं लांबूनच. चपला काढून कुणी हिरवळीवर येत नाही इथे.

बाई : पायाखाली एवढं मऊ लागलं, चपला घालून कसं यावं? तुम्हीच का ते? त्या दिवशी धावत आलात, यांचं डोकं मांडीवर घेतलंत?

माळी : हो.

बाई : तेव्हा मी तुमच्याकडे धड पाहिलंही नाही.

माळी : तेव्हा कोण कुणाकडे बघतंय. तुम्ही एकट्याच आलात? मुलगी होती ना बरोबर नंतर?

बाई : तिला सांगितलं देवाला जाऊन येते. पहिल्या बसने आले. खोटं नाही बोलले, वाटेत देऊळ होतं, खिडकीतून हात जोडले.

माळी : आणि फाटकावरच्याने सोडलं?

बाई : त्याने विचारलं कुठे जायचं, तर मी पिशवीतला हा चेंडू दाखवला. त्याने आडवा दांडा वर केला.

माळी : दाखवा बघू. हाच. त्यावर निळा ठिपका आहे बघा, साहेबांनी शाईने केलेला.

बाई : साहेब कसले! लोकांच्या गोल्फच्या काठ्यांना मुठी बसवायचे ते. चाळीस वर्षं एक खोलीभर दुकान. लोक "मूठवाले" म्हणून हाक मारायचे, घराच्या पत्त्यावरसुद्धा तेच लिहायचे. दुकानात येणारे मोठे लोक या जागेचं वर्णन करायचे. नदीकाठचा कोर्स असा, टेकडीवरचा तसा. यांना ते ऐकून ऐकून पाठ झालेलं. जेवताना मला सांगायचे, टेकडीवरच्या सहाव्याला वारा उजवीकडून येतो. मी म्हणायचे, आधी आमटी घ्या, ती निवतेय.

माळी : आणि खरंच उजवीकडून येतो.

बाई : ते आल्या दिवशीच बघून आले! खोलीत येऊन म्हणाले, "अगं, उजवीकडूनच आहे." जणू यांनीच सोडलाय वारा. मुलीने आम्हाला इथे तीन दिवस ठेवलं, दुकान बंद केल्याबद्दल. एक दिवस एक कोर्स. त्रेपन्न होल झाले, भाऊ. हे बघा फटक्यांचं कार्ड. सगळे चौकोन भरलेत, हा एवढा रिकामा.

माळी : ताई, तुमच्या मनात काय आहे ते कळलं मला.

बाई : यांचा चेंडू जिथे होता तिथून, त्या होलमध्ये टाकायचा. एवढंच. आजच्या होलमध्ये नको. ते कुणा दुसऱ्याचं आहे.

माळी : नाही जमणार. एका हिरवळीवर दोन होल म्हणजे माझी नोकरी गेली. कुठल्या दिवशी कुठे पाडायचं त्याचा कागद येतो आम्हाला.

मुकादम (वॉकीटॉकीवर) : अरे ए, अठराव्याचं झालं का? सात वाजता पहिले चौघं निघतील. माणसं नाश्ता करून तयार आहेत.

माळी : झालं, झालं. दव झाडतोय.

मुकादम : दव झाडायला मुहूर्त काढलास का? आटप.

बाई : माझ्यासाठी खोटं बोललात.

माळी : खोटं कुठे? झाडणारच आहे दव, जरा मागून.

बाई : राहू द्या भाऊ. तुमच्या पोटावर पाय नको. नुसती जागा दाखवा, मी हात लावते आणि जाते. हे... हे काय आहे तुमच्या हातात?

माळी : कटर. याने होल पाडतात. दोन्ही हातांनी धरून फिरवायचं, की माती गवतासकट वर येते.

बाई : ही मूठ कुणी गुंडाळली?

माळी : बघा तुम्हीच.

बाई : शेवटचा वेढा उलटा घेऊन खाली खोचलाय. असं दुसरं कुणी करत नाही. शिकवून शिकवून दोन माणसं दमली, कुणाला जमलं नाही.

माळी : दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटले. म्हणाले, "तुझ्या तळहाताला फोड आलेत, आण इकडे ते." खिशातून पट्टी काढली आणि त्या बाकावर बसून गुंडाळून दिली. कुणी सुट्टीवर येताना खिशात पट्टी घेऊन येतं का?

बाई : देवळातही घेऊन जायचे. फोड गेले?

माळी : गेले. चला ताई, पाडतो आणि लगेच बुजवतो. या इकडे, वर.

बाई : एवढ्या वर? हा तर चढ आहे.

माळी : वीस-बावीस पावलं आहेत. बसा हळू. हात फिरवा इथे. वाटी उपडी ठेवून उचलल्यासारखी कड लागते का बोटाला?

बाई : लागते. गोल आहे.

माळी : ते बूच. दुसरीकडून काढलेला मातीचा गोळा असतो, तो जुन्या होलमध्ये बसवतो आम्ही, त्याला बूच म्हणतो. आणि इथे, पाऊलभर अंतरावर, तुमचा चेंडू होता. चेंडू तुमच्या मुलीकडे दिला, तेव्हाच त्या जागी लाकडी खुंटी खोचलीय आतपर्यंत. वरून मशीन फिरतं, पण तिला लागत नाही.

बाई : अकरा दिवस ठेवलीत?

माळी : काढवली नाही. ताई, एक सांगायचंय. ते सांगितल्याशिवाय मी हे पाडलं तर माझे हात चालणार नाहीत. त्या दिवशी कागदावर ही जागा नव्हतीच. खालची होती, सपाटीची. मी मागच्या आठवड्याचा कागद खिशातून काढला आणि इथे वर पाडून मोकळा झालो. नंतर लक्षात आलं, पण म्हटलं कुणाला कळतंय. खाली असतं तर त्यांना चढावं लागलं नसतं.

बाई : कुणाला सांगितलंत हे?

माळी : कुणालाच नाही. बायकोलाही नाही. ती म्हणते, हल्ली जेवताना भिंतीकडे बघता.

बाई : भाऊ, डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. खुर्चीत बसले असते तरी त्याच दिवशी, त्याच सुमारास गेले असते. वीस पावलांनी काही झालेलं नाही.

माळी : ते तुम्हाला सांगितलं डॉक्टरांनी. मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाई : मग आता मी सांगते. आणि माझंही ऐका, म्हणजे फिटेल. माझं सकाळी मौन असतं, दहापर्यंत. आसनावरून उठायचंही नाही. सव्वीस वर्षं पाळलं. त्या दिवशी सतरावं संपवून हे दारात आले. त्या बुटांना खालून खिळे असतात ना, फरशीवर टकटक वाजत होते. म्हणाले, "शेवटचं राहिलंय. बघायला येतेस?" मला ऐकू आलं. सगळं ऐकू आलं. मी डोळे मिटून बसून राहिले. नुसती मान हलवली असती तरी मौन मोडलं नसतं. पण मनात आलं, याच वेळी कसे येतात, माहीत असून. हे थोडा वेळ थांबले, मग ती टकटक लांब गेली. शेवटचं ते बोलले आणि मी रागावले होते, भाऊ. देवासमोर बसून रागावले होते.

माळी : आता मौन सोडलंत?

बाई : आजचा दिवस सोडला तर बसते रोज. पण दाराकडे तोंड करून. डोळे मिटत नाहीत.

माळी : ताई, हे सांगू की नको, अकरा दिवस मला कळत नव्हतं. दुखेल तुम्हाला.

बाई : सांगा.

माळी : मी खाली वाळू सारखी करत होतो. म्हटलं, वहिनी नाही आल्या? तर म्हणाले, "तिचा अजून अर्धा तास आहे. मी रमतगमत खेळतो, म्हणजे पोचेल ती." मग त्या बाकावर जाऊन बसले. पाणी प्याले. घड्याळ बघितलं. मागून दोघं आले, त्यांना म्हणाले तुम्ही व्हा पुढे. चार फटक्यांत इथवर आले होते आणि चेंडू एवढा जवळ, तरी मारेनात. तुमच्या खिडकीकडे बघत उभे.

बाई : किती वाजले होते?

माळी : दहाला दहा कमी असतील. मग खाली बसले. मला वाटलं दमले. मी पोचलो तर म्हणाले, "चेंडू तिथेच राहू दे. हलवू नको." मी म्हटलं नाही हलवत. तेवढंच.

बाई : माझ्यासाठी ठेवला होता.

माळी : हो.

बाई : मी दहाला आसनाची घडी घातली. नीट कोपरे जुळवून. मग बाहेर गलका ऐकू आला.

माळी : पाणी देऊ का, ताई? बाटली आहे माझ्याकडे. उष्टी नाही.

बाई : नको. पाडा आता. मी आहे इथे.

(माळी कटर रोवून फिरवतो. गवताखाली मुळं तुटल्याचा बारीक आवाज येतो. मातीचा गोळा अख्खा वर येतो, माळी तो ओल्या गोणपाटावर उभा ठेवतो.)

माळी : तेच बूच निघालं, अख्खं. मुळं धरायला लागली होती, बघा, पांढरी पांढरी.

बाई : अरेरे. तोडली मी.

माळी : या. हा पटर घ्या, होलमध्ये चेंडू ढकलायची काठी, मुकादमाचा आहे, गाडीत असतो. पाय असे. काठी हळू. खरं तर एवढं अंतर राहिलं की समोरचा खेळाडू "उचला" म्हणतो. धरून चालतात आत गेला असं.

बाई : यांना कुणी "उचला" म्हटलं तर उचलायचे का?

माळी : नाही. पहिल्या दिवसापासून नाही, बाकीचे दोघं माळीही सांगतात.

बाई : मग मी कशी उचलू. जरा बाजूला व्हाल? एक शब्द बोलायचाय.

माळी : मी पाठ फिरवतो.

बाई : आले हो. उशीर झाला. मारते आता, हसू नका.

माळी : ...गेला?

बाई : पुढे निघून गेला. एवढ्यावरून!

माळी : उतार आहे तिकडे. सगळ्यांचा जातो. पुन्हा मारा, आणखी हळू.

बाई : आता अलीकडेच थांबला. बघा, काठावर बसून वाकून बघतोय आत, पण जात नाही. हट्टी, यांच्यासारखा.

माळी : एक टिचकी.

बाई : ...आवाज आला.

माळी : आला.

बाई : केवढासा आवाज, नाही?

माळी : तेवढ्यासाठी लोक सातासमुद्रापलीकडून येतात, ताई.

बाई : पेन आहे का? त्यांचे चार आणि माझे तीन. सात.

माळी : पाच लिहा की. कोण बघतंय?

बाई : त्रेपन्न खरे लिहिले त्यांनी. एका होलवर तर अकरा लिहिलेत, खाली रेघ मारून. सातच. अक्षर माझं वेगळं आलंय, पण दिसू दे.

मुकादम (वॉकीटॉकीवर) : अरे माणसं निघाली पहिल्याकडे! तुझं दव झडलं का?

माळी : शेवटचा हात राहिलाय. आलोच.

बाई : बुजवा, भाऊ. तुम्हाला बोलणी बसतील.

माळी : चेंडू काढून घ्या आधी.

बाई : नको. राहू दे तिथेच. हलवू नका.

माळी : बरं.

बाई : हे बूच पुन्हा बसेल ना नीट?

माळी : बसवतो. हे असं, खालची माती चेंडूएवढी खरडून, पायाने दाबून. वरून पाणी. आता पुन्हा पहिल्यापासून मुळं फुटतील.

बाई : पुन्हा पहिल्यापासून?

माळी : हो. पण धरतात. पंधरा-वीस दिवसांनी बघाल तर मलाही जागा सापडायची नाही.

बाई : तुम्हालाही?

माळी : मलाही. आज तेवढं पाऊल जपून टाका, ताई. अजून ओलं आहे.